वातानुकूलन यंत्राच्या कपाटाचे दार

घर बांधताना किंवा नव्या सदनिकेची अंतर्गत सजावट करून घेताना मुख्य दाराकडे घरातील प्रत्येकाचे लक्ष असते. लाकूड सागवानी असावे की अन्य, गणेशपट्टी कशी असावी, उंबरठा किती उंच ठेवावा, यांवर आठवडाभर चर्चा चालते. त्याच घरात, शयनगृहांकडे जाणाऱ्या बोळात, वातानुकूलनाचे यंत्र ज्या कपाटात बसवलेले असते त्याच्या दाराचा निर्णय मात्र बहुधा सुतारावर सोपवला जातो. सुतार समोरच्या भिंतीवरील सनमाइक्याशी रंग जुळवतो, एक गुळगुळीत बंद दार बसवतो आणि काम पूर्ण झाले असे सर्वांना वाटते. संस्कृतात ‘कपाट’ या शब्दाचा अर्थच मुळी दाराची फळी असा आहे. बदरीनाथाचे कपाट उघडले, असे उत्तरेत आजही म्हणतात. मराठीत हा शब्द दारावरून सरकत दारामागच्या जागेला चिकटला. वातानुकूलनाच्या कपाटापुरता तरी जुना अर्थ अधिक खरा आहे, कारण या कपाटात सर्वांत महत्त्वाचा भाग असतो तो त्याचे दार.

भिंतीवर टांगायच्या साध्या स्प्लिट यंत्राला असे कपाट लागत नाही. परंतु दिल्ली, गुरुग्राम, हैदराबाद, बंगळूर, पुणे यांसारख्या शहरांतील मोठ्या सदनिकांमध्ये व स्वतंत्र बंगल्यांमध्ये डक्टेबल यंत्रणा बसवली जाते. एकच मोठे यंत्र कपाटात किंवा माळ्यावर ठेवून त्याची थंड हवा डक्टमधून सर्व खोल्यांत नेली जाते. दुसरे कपाट असते बाहेरील यंत्राचे. नव्या उंच इमारतींत दर्शनी भाग नीटनेटका दिसावा म्हणून आउटडोअर युनिट धुण्याभांड्यांच्या सज्जात किंवा वेगळ्या कोनाड्यात ठेवून त्यापुढे जाळीचे किंवा पट्ट्यांचे दार लावण्याची पद्धत रूढ झाली आहे. या दोन्ही दारांचे काम वेगळे, नियम वेगळे आणि त्यांत होणाऱ्या चुकाही वेगळ्या.

टन म्हणजे किती हवा?

यंत्राची क्षमता ‘टना’त सांगितली जाते, ती त्याच्या वजनावरून नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीतून काढून घेणारे यंत्र ते एक टनाचे यंत्र. आजच्या मोजमापात ही क्षमता सुमारे ३.५ किलोवॉट भरते. हे माप बर्फाच्या व्यापाराच्या काळातले आहे. फ्रेडरिक ट्युडर या व्यापाऱ्याने बोस्टनहून जहाजाने पाठवलेला बर्फ १८३३ मध्ये कलकत्त्यास पोहोचला होता, आणि चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर त्याच बर्फासाठी बांधलेली इमारत आज विवेकानंद हाउस या नावाने उभी आहे. बर्फ गेला, माप राहिले.

दाराच्या दृष्टीने टनापेक्षा महत्त्वाचा आकडा हवेचा आहे. दर टनामागे यंत्राला मिनिटाला सुमारे ४०० घनफूट हवा आपल्या अंगावरून फिरवावी लागते. म्हणजे तीन टनांचे यंत्र मिनिटाला १२०० घनफूट हवा ओढते. बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा खोलीत मावेल तेवढी ही हवा आहे. एका खोलीची सगळी हवा दर मिनिटाला कपाटात शिरते आणि थंड होऊन बाहेर पडते. ती कपाटात शिरणार कोठून, हा प्रश्न दार निवडण्यापूर्वी विचारायला हवा. प्रत्यक्षात तो बहुधा दार बसल्यानंतर, खोल्या थंड होईनाशा झाल्या म्हणजे विचारला जातो.

आधी कपाटाचा प्रकार ओळखावा

आतील यंत्राच्या कपाटाचे दोन प्रकार संभवतात. पहिल्या प्रकारात खोल्यांतून परत येणारी हवा थेट कपाटात शिरते आणि तेथून यंत्र ती ओढून घेते. येथे संपूर्ण कपाट हाच परतीच्या हवेचा मार्ग असतो. दुसऱ्या प्रकारात परतीच्या हवेसाठीही स्वतंत्र डक्ट असते, ती यंत्राच्या तोंडाला घट्ट जोडलेली असते आणि कपाटातील मोकळ्या जागेशी यंत्राच्या हवेचा संबंध येत नाही. पहिल्या प्रकाराला पट्ट्यांचे, म्हणजे लुव्हरचे, किंवा मोठ्या जाळीचे दार लागते. दुसऱ्याला बंद दार चालते, नव्हे, तेच योग्य असते.

ही निवड सौंदर्याची नाही. पहिल्या प्रकारच्या कपाटाला बंद दार लावले तर यंत्राचा श्वास कोंडतो. दुसऱ्या प्रकारच्या कपाटाला पट्ट्यांचे दार लावले तर हानी होत नाही, फक्त पंख्याचा आवाज विनाकारण घरभर पसरतो. म्हणून यंत्र बसवणाऱ्या तंत्रज्ञाला पहिला प्रश्न हाच विचारावा की परतीची हवा डक्टमधून येणार आहे की कपाटातून. उत्तर संदिग्ध आले तर ‘कपाटातून’ असे समजून चालावे. खर्च वाचवण्यासाठी बहुतेक ठिकाणी तोच मार्ग पत्करलेला असतो.

पट्ट्यांच्या दाराचे गणित

लुव्हरचे दार ही काही नवी कल्पना नव्हे. कोलकात्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांना आणि मुंबईतील जुन्या वास्तूंनाही तिरप्या लाकडी पट्ट्यांच्या झडपा असत. ऊन अडावे, पाऊस अडावा, नजर अडावी आणि वारा मात्र यावा, अशी ती योजना. अशा झडपेतून वाऱ्याची एखादी झुळूक आली तरी पुरत असे. यंत्राला मात्र झुळूक पुरत नाही. त्याला मिनिटाला मोजून दिलेली हवा हवी असते, आणि गडबड होते ती येथेच.

दारातून हवा आवाज न करता व पंख्यावर ताण न देता आत जावी यासाठी मोकळ्या जागेतून तिचा वेग मिनिटाला सुमारे ४०० फुटांच्या आसपास ठेवणे इष्ट असते. तीन टनांच्या यंत्राच्या १२०० घनफुटांना ४०० ने भागले असता ३ येतात. म्हणजे दारात किमान तीन चौरस फूट मोकळी जागा हवी. हा आकडा ऐकून गृहस्वामी निश्चिंत होतो, कारण साडेसतरा चौरस फुटांच्या दारापुढे तीन चौरस फूट म्हणजे काहीच नाही.

परंतु ‘मोकळी जागा’ म्हणजे पट्ट्यांचे एकूण क्षेत्रफळ नव्हे. लाकडी पट्ट्या जाड असतात, एकमेकींवर चढलेल्या असतात आणि त्यांच्यामधील फट अरुंद असते. अमेरिकेत घरातील यंत्रांसाठी अशी कपाटे सर्वत्र आढळतात. तेथील इंधन-वायूविषयक नियमावलीत असा संकेत आहे की निर्मात्याने मोकळ्या जागेचा आकडा दिलेला नसेल तर लाकडी लुव्हरच्या क्षेत्रफळापैकी फक्त २५ टक्के आणि धातूच्या लुव्हरच्या किंवा जाळीच्या क्षेत्रफळापैकी ७५ टक्के भाग मोकळा धरावा. हा नियम मूलतः ज्वलनाला लागणाऱ्या हवेसाठी आहे, तथापि अंदाज बांधण्यास येथेही उपयोगी पडतो. त्यानुसार तीन टनांच्या यंत्रासाठी लाकडी पट्ट्यांचे क्षेत्रफळ १२ चौरस फूट असायला हवे, धातूच्या जाळीचे मात्र ४ चौरस फूट पुरे.

आता सात फूट उंच व अडीच फूट रुंद असे नेहमीचे दार घेऊ. त्याचे एकूण क्षेत्रफळ साडेसतरा चौरस फूट. परंतु दोन्ही बाजूंच्या उभ्या चौकटपट्ट्या प्रत्येकी चार इंच, वरची आडवी पट्टी चार, मधली सहा आणि खालची आठ इंच धरली, तर लुव्हरसाठी उरते २२ इंच रुंद आणि ६६ इंच उंच जागा, म्हणजे सुमारे दहा चौरस फूट. हवे होते बारा. वरपासून खालपर्यंत पट्ट्याच पट्ट्या असलेले, पाहताना अतिशय हवेशीर वाटणारे दारसुद्धा तीन टनांच्या यंत्राला अपुरे पडते! दारावर वरच्या अर्ध्या भागात फळी आणि खालच्या अर्ध्यात पट्ट्या, ही सुतारांची आवडती रचना तर यंत्राला निम्म्याहूनही कमी हवा देते.

यावर उपाय तीन. कपाटाचे तोंड चार फूट करून दोन झडपांचे दार लावले तर दोन्ही मिळून साडेचौदा चौरस फुटांहून अधिक पट्ट्या बसतात. दुसरा उपाय म्हणजे लाकडी पट्ट्यांऐवजी ॲल्युमिनियमची जाळी बसवणे. दोन फूट बाय दोन फुटांची एक जाळी पुरी होते आणि बाकीचे दार हवे तसे सजवता येते. तिसरा उपाय दारावरील भार हलका करण्याचा: कपाटाच्या बाजूच्या भिंतीत किंवा दाराच्या वरच्या भागात आणखी एक जाळी द्यायची. यांपैकी दुसरा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाचा आहे. केवळ ‘जाळी कार्यालयासारखी दिसते’ या कारणाने तो टाळला जातो, हे खेदाचे आहे.

हवा अपुरी पडली म्हणजे काय होते? पंखा तेवढ्याच जोराने ओढत राहतो, पण कॉइलवरून कमी हवा जाते. कॉइल प्रमाणाबाहेर थंड होते, तिच्यावर बर्फाचा थर चढतो, थरामुळे हवा आणखी अडते. शेवटी खोलीत कोमट हवा येऊ लागते आणि यंत्र बंद केल्यावर बर्फ वितळून कपाटातून पाणी वाहते. तक्रार होते ती यंत्राविरुद्ध. तंत्रज्ञ येतो, काम सोयीचे व्हावे म्हणून दार उघडे ठेवतो, आणि दार उघडे असल्यामुळे यंत्र सुरळीत चालते. तो ‘काही दोष नाही’ असा शेरा लिहून जातो. दार पुन्हा बंद होते.

खोल्यांच्या दारांचाही येथे संबंध येतो. शयनगृहात डक्टमधून येणारी हवा कपाटाकडे परत जायला वाट हवी. रात्री खोलीचे दार बंद केल्यावर ती वाट म्हणजे दाराखालची फट. अडीच फूट रुंद दाराखाली एक इंचाची फट ठेवली तर तिच्यातून वरील वेगाने मिनिटाला सुमारे ८३ घनफूट हवा जाऊ शकते. खोलीला एक टनाची हवा मिळत असेल, तर येतात ४०० घनफूट आणि परततात ८३. उरलेली हवा खोलीतच दाब निर्माण करते, मग नवी थंड हवा आत येत नाही. अशा खोल्यांच्या दारावर किंवा दारालगतच्या भिंतीत वरच्या बाजूस हवा जाण्यापुरती जाळी ठेवणे हाच मार्ग आहे. संगमरवरी फरशी नव्याने बसवताना दाराखालची होती ती फटही नाहीशी होते, याकडे लक्ष असावे.

बंद दार, पण कसे?

परतीची हवा डक्टमधून येत असेल तर भरीव फ्लश दार उत्तम. दार जितके जड तितका आवाज कमी. मात्र आवाज पाण्यासारखा असतो, फट दिसली की तेथून झिरपतो. म्हणून चौकटीला रबरी पट्टी आणि खाली ब्रशची पट्टी लावल्याशिवाय जड दाराचा पूर्ण लाभ मिळत नाही. कपाट शयनगृहात उघडणारे असेल तर ही काळजी अनिवार्य समजावी. खरे तर कपाटाचे तोंड शयनगृहात न ठेवता बोळात ठेवणे अधिक शहाणपणाचे.

काही जण तयार फ्लश दार आणून त्यात मागाहून जाळीसाठी चौकोन कापतात. दार पोकळ गाभ्याचे असेल तर कापलेल्या जागी आत काहीच आधार उरत नाही. गाभा भरीव असला तरी कापलेली कड उघडी राहिली तर दमट हवेने ती फुगते आणि सनमाइका सुटू लागतो. कापायचेच असेल तर कडेने लाकडी पट्टी चिकटवून, तिच्यावर पॉलिश चढवूनच जाळी बसवावी. त्यापेक्षा दार बनवून घेतानाच जाळीची जागा ठरवलेली बरी.

सरकते दार जागा वाचवते, पण ते अर्धेच तोंड उघडते, आणि यंत्राची दुरुस्ती अर्ध्या तोंडातून होत नाही. अरुंद बोळात घडीचे दार बरे पडते, कारण दोन्ही घड्या एका बाजूस सरकून जवळपास पूर्ण तोंड मोकळे होते. कोणतेही दार असो, त्याचे उघडे तोंड यंत्राच्या रुंदीपेक्षा थोडे अधिकच असावे. दहा-बारा वर्षांनी जुने यंत्र काढून नवे आणताना चौकट फोडावी लागली, अशी उदाहरणे कमी नाहीत. फिल्टर महिन्यातून एकदा तरी धुवायचा असतो, म्हणून दाराला कुलूप किंवा जड बोल्ट नको. लोहचुंबकाची कडी पुरते. जे दार उघडायला त्रास होतो, त्यामागचा फिल्टर धुतला जात नाही.

जीवावर बेतणारा शेजार

वरील सर्व चुकांची किंमत वीजबिलात किंवा दुरुस्तीत मोजता येते. एक चूक मात्र तशी नाही.

जागेच्या टंचाईमुळे अनेक घरांत वातानुकूलनाचे यंत्र आणि गॅसवर चालणारा गीझर एकाच कपाटात, किंवा एकाच बंदिस्त सज्जात ठेवले जातात. गीझरमध्ये गॅस जळतो तेव्हा त्याला हवा लागते. ती अपुरी पडली की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे जोडला जातो, त्यामुळे माणूस गुदमरत असल्याचे त्याला स्वतःलाही कळत नाही. डोके दुखते, मळमळते, ग्लानी येते आणि तशातच शुद्ध हरपते. बंद न्हाणीघरात गॅस गीझरमुळे झालेल्या मृत्यूंच्या बातम्या हिवाळ्यात देशभरातून येत असतात.

त्यात वातानुकूलन यंत्र शेजारी आले की धोका वाढतो. परतीची हवा कपाटातून ओढणारे यंत्र त्या कपाटात सतत थोडी पोकळी निर्माण करत असते. दारातील मोकळी जागा अपुरी असली तर ही पोकळी वाढते आणि यंत्र मिळेल तेथून हवा ओढते: माळ्यावरून, नळांच्या भोकांतून आणि गीझरच्या धुराड्यातूनही. बाहेर जायला निघालेला धूर उलटा आत ओढला जातो. पुढे तो डक्टमधून थेट शयनगृहांत पोहोचतो. न्हाणीघरातील अपघातात एक माणूस सापडतो. येथे झोपलेले सगळे घर सापडू शकते.

अमेरिकेतील अनेक घरांत थंडीसाठी गॅसवर चालणारी भट्टी आणि वातानुकूलनाची कॉइल एकाच कपाटात असतात, म्हणून तेथे याबाबत नियम कडक आहेत. घरातील हवेवर ज्वलन चालत असेल तर कपाटाला दोन स्वतंत्र झरोके लागतात, एक छतापासून बारा इंचांच्या आत आणि दुसरा जमिनीपासून बारा इंचांच्या आत. भट्टीचे कपाट शयनगृहात उघडत असेल तर दार भरीव, कडेने पट्टी लावलेले आणि आपोआप मिटणारे हवे, आणि ज्वलनाची हवा थेट बाहेरून आणलेली हवी. परतीची हवा ज्वलनाच्या हवेपासून पूर्णपणे विलग ठेवणे, हे या नियमांमागचे तत्त्व. ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांनी तेथील घरात बोळातील पट्ट्यांचे दार पाहिले असेल. त्या पट्ट्यांसमोर कधीही कपाट, खोका किंवा पडदा ठेवू नये, असे तेथे का सांगतात, ते यावरून लक्षात यावे.

आपल्याकडे उपाय सोपा आहे: गॅस गीझर आणि परतीची हवा ओढणारे यंत्र एकत्र ठेवू नयेत. दारात अधिक पट्ट्या देऊन हा शेजार सुरक्षित होत नाही. गीझर मोकळ्या हवेच्या ठिकाणी हलवावा, अथवा विजेचा घ्यावा.

दुसरी दक्षता शीतक वायूची. ओझोनच्या थराला अपाय करणाऱ्या जुन्या वायूंची जागा आता बहुतांशी आर-३२ या वायूने घेतली आहे. काही यंत्रांत आर-२९०, म्हणजे प्रोपेन, वापरला जातो. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, प्रोपेन तर स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद. दोन्ही हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तळाशी साचतात. अशा यंत्राच्या कपाटाचे दार खालपर्यंत बंद नसावे. जमिनीलगत जाळी ठेवावी, आणि कपाटात देवघराची समई, इस्त्री किंवा इन्व्हर्टरची बॅटरी यांना जागा देऊ नये. यंत्राच्या पुस्तिकेत किमान जागेविषयी सूचना असतात. त्या वाचल्याशिवाय सुताराला मापे देऊ नयेत.

बाहेरील यंत्राचे कपाट

दीड टनाचे यंत्र खोलीतून सुमारे ५.३ किलोवॉट उष्णता काढते आणि स्वतः साधारण दीड किलोवॉट वीज वापरते. या दोहोंची बेरीज, म्हणजे जवळपास सात किलोवॉट उष्णता, बाहेरील यंत्र हवेत फेकते. दोन किलोवॉटचे तीन गीझर एका कपाटात एकाच वेळी चालू ठेवल्यावर जी स्थिती होईल, त्याहूनही ही अधिक आहे. ही उष्णता कपाटाबाहेर गेली नाही तर यंत्र तीच गरम हवा पुन्हा आत ओढते.

यंत्राची क्षमता बाहेर ३५ अंश सेल्सिअस तापमान धरून मोजलेली असते. नागपूर, दिल्ली किंवा जयपूर येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्यात कपाटातील कोंडलेली हवा आणखी काही अंश तापली की थंडावा घटतो, वीज अधिक लागते आणि अखेर यंत्र स्वतःच्या रक्षणासाठी बंद पडते, तेही भर दुपारी.

येथे दाराच्या पट्ट्या किती आहेत यापेक्षा त्या कोणत्या दिशेने वळल्या आहेत, हे अधिक महत्त्वाचे. पाऊस आत येऊ नये म्हणून सुतार पट्ट्या तीव्र उताराच्या ठेवतो. यंत्राच्या पंख्यातून जोराने आलेली गरम हवा त्या पट्ट्यांवर आपटून खाली वळते आणि मागच्या बाजूने परत यंत्रात शिरते. बाहेरील यंत्र पाऊस सहन करण्यासाठीच बनवलेले असते, त्याला छत्रीची गरज नाही. पट्ट्या जवळजवळ आडव्या, बारीक आणि विरळ असाव्यात, आणि पंख्यासमोरचा भाग तर शक्य तितका मोकळा. पंख्याचे तोंड आणि दार यांमधील अंतर पत्र्याच्या आवरणाने बंद केले, तर गरम हवा थेट बाहेर पडते आणि आत ओढली जाणारी हवा बाजूच्या जाळीतून वेगळी येते. हे साधे आवरण बसवणारे कारागीर फार थोडे, पण त्याने पडणारा फरक मोठा.

कबुतरे हा शहरी गृहस्थाचा स्वतंत्र विषय आहे. त्यांच्यासाठी मोठ्या छिद्रांची नायलॉनची जाळी पुरते. डासांची बारीक जाळी मात्र लावू नये. धुळीने ती महिन्याभरात बुजते आणि कपाट पुन्हा बंद झाल्यासारखे होते.

या दाराशी आणखी एक गोष्ट निगडित आहे. कपाटाचे दार घराच्या आतून पूर्ण उघडले नाही, तर तंत्रज्ञ सफाईसाठी बाहेरच्या छज्जावर उतरतो. दहाव्या मजल्यावर, दोरी न बांधता, एका हाताने पाइप धरून काम करणारी ही तरुण मुले सर्व महानगरांत दिसतात. आतून उघडणारे, माणूस वाकून शिरू शकेल एवढे दार आणि आत उभे राहण्यापुरती कठडा असलेली जागा ही त्यांच्या जीविताची व्यवस्था आहे. सदनिका आरक्षित करतानाच आराखड्यात ती पाहून घ्यावी. ताबा मिळाल्यावर दर्शनी भागात बदल करायला सोसायटीची लेखी परवानगी लागते आणि ती बहुधा मिळत नाही.

लाकूड, धातू आणि गावचे हवामान

मुंबई, गोवा, कोची, चेन्नई, विशाखापट्टणम येथील खाऱ्या हवेत साध्या लोखंडी जाळ्या व बिजागऱ्या लवकर गंजतात. तेथे पावडर कोटिंग केलेले ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टीलच्या बिजागऱ्या घ्याव्यात. आतील दारासाठी प्लायवूड वापरायचे झाल्यास भारतीय मानक ७१० चे, म्हणजे बोलीभाषेत मरीन प्लाय म्हणतात ते, मागावे. भारतीय मानक ३०३ चे सामान्य प्लाय ओलसर कपाटात टिकत नाही. लाकूड व प्लास्टिक यांच्या मिश्रणाच्या फळ्यांना वाळवी लागत नाही व पाण्याचे भय नाही, परंतु त्या उन्हात वाकतात, म्हणून त्या आतल्या कपाटापुरत्याच ठीक. दिल्ली, लखनौ, अहमदाबादकडे प्रश्न दमटपणाचा नसून धुळीचा आहे. लाकडी पट्ट्यांवर धूळ साचते आणि प्रत्येक पट्टी स्वतंत्र पुसावी लागते. तेथे सहज काढून धुता येईल अशी जाळी गृहिणीला अधिक सोयीची. मध्य भारतातील कोरड्या उन्हाळ्यात कच्चे लाकूड आकसते, पट्ट्या सैल होऊन पंख्याच्या कंपनाने वाजू लागतात. पूर्ण सुकवलेले सागवान यावर उत्तर आहे, पण ते महाग.

यंत्र, डक्ट, विजेचे काम व फर्निचर यांच्या खर्चापुढे दाराचा खर्च अल्पच असतो. घराच्या नूतनीकरणासाठी कर्ज घेताना अंदाजपत्रकात ‘सुतारकाम’ या एका शब्दाखाली सारे न टाकता कपाटाचे दार, जाळी व तिचे क्षेत्रफळ यांची स्वतंत्र नोंद करून घ्यावी. लेखी मोजमाप असले की कंत्राटदाराला मागाहून दीड फुटाची जाळी एक फुटावर आणता येत नाही.

दार बसल्यावर करावयाची परीक्षा

अंतिम बिल चुकते करण्यापूर्वी एक साधी परीक्षा घ्यावी. घराच्या खिडक्या आणि सर्व शयनगृहांची दारे बंद करून यंत्र पूर्ण वेगाने पंधरा मिनिटे चालवावे. मग एका जणाने शयनगृहातील थंड हवेच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरावी आणि दुसऱ्याने कपाटाचे दार उघडावे. दार उघडताना ते आतून ओढल्यासारखे जड लागले, पंख्याचा आवाज बदलला किंवा कागदाची पट्टी अधिक जोराने फडफडू लागली, तर दारातील मोकळी जागा अपुरी आहे. हीच परीक्षा पुन्हा शयनगृहाचे दार उघडून व मिटून घ्यावी. फरक पडला तर दोष त्या खोलीच्या परतीच्या वाटेत आहे. बाहेरील यंत्रासाठी दुपारी दोनच्या सुमारास कपाटाच्या आत आणि सज्जाबाहेर सावलीत एकेक तापमापक ठेवावा. अर्ध्या तासानंतर दोहोंतील फरक दोन-तीन अंशांहून जास्त आढळला, तर पट्ट्यांचा उतार कमी करून घ्यावा किंवा पंख्यासमोरच्या पट्ट्या काढून टाकाव्यात. सुतार तेव्हा अद्याप घरातच असतो, आणि हे काम त्याला तासाभराहून अधिक लागत नाही.